सहाण, खोड आणि श्रीखंड्या

'सुगंधोपचार' हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की तो फारसा जुना नाही हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. चंदनाच्या तेलाच्या पाच-दहा मिलिलिटरच्या कुप्या औषधांच्या दुकानांत आणि प्रसाधनांच्या काउंटरवर मांडलेल्या असतात. वेष्टनावर 'मनःशांती', 'निद्रा', 'ध्यान' असे शब्द असतात आणि त्यांच्याखाली 'हजारो वर्षांची भारतीय परंपरा' अशी ग्वाही असते. ग्वाही खोटी नाही, पण ती अर्धी आहे. आणि ती अर्धी कशी हे तपासण्याचे काम आम्हां साहित्य शिकवणाऱ्यांकडेही येते, कारण परंपरेचा पुरावा शेवटी ग्रंथांत, चरित्रकथांत, वाक्प्रचारांत आणि लेण्यांच्या भिंतींवरच शोधावा लागतो. 'ॲरोमाथेरपी' ह्या नावाचे पहिले पुस्तक रने-मोरिस गातफोसे ह्या फ्रेंच रसायनज्ञाने १९३७ साली प्रसिद्ध केले. ह्या उपचाराचा आधार म्हणजे वनस्पतींतून ऊर्ध्वपातनाने वेगळे काढलेले तेल. पुढे त्यात वास घेण्याला मध्यवर्ती स्थान आले. आपल्याकडच्या जुन्या व्यवहारात चंदन हे बहुतेक वेळा तेल नव्हते आणि ते एकट्या नाकासाठीही नव्हते. पाण्याचे चार थेंब टाकून दगडी सहाणेवर उगाळलेले, कपाळाला, छातीला, हातापायांना लावायचे, लावताच गार वाटणारे असे ते द्रव्य होते. नाकाच्या आधी ते त्वचेला कळत असे.

मराठी भाषेने ही गोष्ट एका शब्दात नोंदवून ठेवली आहे. संस्कृतात 'गंध' म्हणजे वास; न्यायवैशेषिकांनी तो पृथ्वीचा विशेष गुण मानला. मराठीत मात्र 'गंध' नपुंसकलिंगी झाला की त्याचा अर्थ बदलतो. 'तो गंध' दरवळतो, 'ते गंध' उगाळावे लागते आणि लावावे लागते. वासाचे नाव लेपाला मिळाले. एरवी अमूर्ताकडून मूर्ताकडे असा प्रवास शब्द सहसा करत नाहीत. ह्या शब्दाने तो केला, कारण मराठी घरात सुवासाचा रोजचा अनुभव वाटीत कालवलेल्या, बोटाला लागणाऱ्या ओल्या पदार्थातून येत होता. 'उटी' आणि 'उटणे' हे शब्दही अंगाला चोपडण्याच्या क्रियेतूनच आले आहेत, हुंगण्यातून नव्हे.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्याचे, भाग्य असे की चंदनाच्या ह्या इतिहासाचे दोन नामांकित साक्षीदार एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांना आहेत. एक अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आहे, दुसरा पैठणला नाथांच्या वाड्यात. दोहोंमध्ये हजारएक वर्षांचे अंतर आहे. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या.

अजिंठ्याचे आधी पाहू. दुसऱ्या लेण्याच्या उजव्या भिंतीवर एका जहाजाचे चित्र आहे. शिडे उभारलेली, जहाजात रांजणांसारखी भांडी, भोवती पाण्यात अद्भुत प्राणी आणि संकटात सापडलेला एक माणूस हात जोडून प्रार्थना करतो आहे. प्राचीन भारतीय नौकानयनाच्या पुस्तकांत हे जहाज पुनःपुन्हा छापले जाते, पण त्यात काय भरले आहे हे बहुधा सांगितले जात नाही. त्यात चंदन भरले आहे. चित्र पूर्णाच्या कथेचे आहे, आणि ती कथा 'दिव्यावदान' ह्या बौद्ध संस्कृत ग्रंथातल्या 'पूर्णावदाना'त सविस्तर येते.

पूर्ण हा शूर्पारकाच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळच्या सोपाऱ्याच्या, एका धनाढ्य व्यापाऱ्याचा दासीपासून झालेला मुलगा. बाप गेल्यावर सावत्र भावांनी वाटण्या केल्या आणि दासीपुत्राला हिस्सा नाकारला. थोरल्या भावाच्या, भविलाच्या, आधाराने तो राहिला. पण दोघांच्याही हाती काही उरले नव्हते. एके दिवशी बाजारात त्याला समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या लाकडांची मोळी घेऊन येणारा एक माणूस दिसला. तो थंडीने कुडकुडत होता. कारण विचारताच तो म्हणाला, ही मोळी उचलल्यापासून माझी अशी गत झाली आहे. पूर्णाने ओळखले की मोळीत गोशीर्ष चंदनाचा तुकडा आहे. त्याने मोळी घेतली आणि तो तुकडा जपून ठेवला. पुढे शूर्पारकाच्या राजाला दाहज्वर झाला, वैद्यांनी गोशीर्षाचा लेप सांगितला आणि गावात ते एकट्या पूर्णाकडे निघाले. राजा बरा झाला, पूर्ण श्रीमंत झाला.

ही कथा आम्ही वर्गात सांगतो तेव्हा विद्यार्थ्यांना ती व्यापारनीतीची गोष्ट वाटते, आणि तशी ती आहेही. आम्हांला तिच्यात एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. चंदनाची ओळख पटली ती वासावरून नव्हे. पूर्णाने मोळी हुंगून पाहिली असे कथाकार म्हणत नाही. त्याने एका हमालाचे कापणारे अंग पाहिले. अतिशयोक्ती उघड आहे, लाकडाला हात लावून कुणी गारठत नाही. पण कथेतली अतिशयोक्ती नेमकी कुठल्या गुणाची केली आहे ह्यावरून समाजाला त्या वस्तूत काय मोलाचे वाटत होते ते कळते. चंदनाचे मोल शीतलतेचे होते. त्याचा सुवास हा जणू त्या शीतलतेचा निरोप्या होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही औषधी द्रव्यांचे जे गण दिले आहेत त्यांत दाह शमवणारी, वर्ण सुधारणारी, खाज घालवणारी आणि तहान भागवणारी अशा निरनिराळ्या गणांत चंदन येते. सुगंधाने मन प्रसन्न होते हे प्राचीनांना ठाऊक नव्हते असे नाही. ग्रीष्मात चंदनाची उटी लावून, वाळ्याच्या पडद्याआड बसण्याचे सुख संस्कृत कवींनी भरपूर वर्णिले आहे, आणि धूपनाचा स्वतंत्र विचार वैद्यकातही आहे. पण ह्या सगळ्याच्या मुळाशी आपल्या हवेतला उन्हाळा आहे. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून वर गेला की 'चंदनाने मन शांत होते' ह्या विधानाचा खरा अर्थ आधी शरीराला कळतो.

कथेचा उत्तरार्ध भिंतीवर चितारला आहे. पूर्ण भिक्षू होऊन निघून जातो. भविल व्यापाऱ्यांबरोबर समुद्रापलीकडे चंदनाच्या वनात जातो आणि कुऱ्हाडी चालवू लागतो. ते वन महेश्वर नावाच्या यक्षाच्या ताब्यातले असते. तो भयंकर वादळ उठवतो. (वनरक्षकाने लाकूडतोड्यांवर केलेल्या कारवाईचा इतका जुना वृत्तांत आमच्या तरी पाहण्यात नाही.) भविल धाकट्या भावाचा धावा करतो, पूर्ण योगबळाने जहाजावर प्रकट होतो, वादळ शमते. त्या चंदनाचा शूर्पारकात बुद्धासाठी प्रासाद बांधला जातो. पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकलला. त्या शोधावरच्या त्यांच्या निबंधात पूर्णाची कथाही आली आहे.

चंदन समुद्रापलीकडून आले, हा तपशील मात्र जाता जाता सोडून देण्यासारखा नाही. संस्कृत कवींचे चंदन मलय पर्वतावरचे, म्हणजे दक्षिणेचे. अवदानातले चंदन जहाजातून येते. चंदनवृक्ष मूळचा दक्षिण भारतातला की तिमोर आणि आसपासच्या इंडोनेशियन बेटांवरून फार पूर्वी इकडे आलेला, ह्याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. दोन्ही बाजूंना आपापला जुना साक्षीदार आहे, एवढे म्हणून पुढे जाऊ. रक्तचंदनाचा ह्यात संबंध नाही. तो वेगळ्या कुळातला वृक्ष असून त्याच्या लाकडाला चंदनाचा वास नसतो. नावसाधर्म्यामुळे गैरसमज मात्र पुष्कळ होतात.

मराठी संतांनी चंदन घेतले ते अर्थात तत्त्वासाठी. चंदनाच्या शेजारचे निंब-बाभळीही चंदनाचे होतात, तसा साधूच्या संगतीने सामान्य माणूस पालटतो, हा दृष्टान्त संतवाङ्मयात ठायी ठायी आढळतो. गंमत अशी की वनस्पतिशास्त्र नेमके उलटे सांगते. चंदन हे अर्धपरोपजीवी झाड आहे. त्याची पाने हिरवी असतात आणि ती स्वतःचे अन्न तयार करतात. पण जमिनीखाली त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना शोषके लावून पाणी आणि क्षार ओढून घेतात. म्हणून चंदनाची लागवड करणारा शेतकरी रोपाशेजारी तूर लावतो. शेजाऱ्याला चंदन सुगंध देत नाही. शेजारी चंदनाला जगवतो. संतांना हे ठाऊक नव्हते म्हणून दृष्टान्त बाद होत नाही, कारण दृष्टान्ताचे सत्य झाडात शोधायचे नसते. पण गुरुशिष्यसंबंधाविषयी एखाद्या चतुर विद्यार्थ्याने ह्या नव्या माहितीवरून उलट दृष्टान्त रचला तर आम्ही शिक्षकांनी तो शांतपणे ऐकून घ्यावा हे बरे.

ह्या दृष्टान्ताहून सूक्ष्म असा उपयोग ज्ञानदेवांच्या नावावर असलेल्या विराण्यांत आहे. तिथे कृष्णविरहाने पोळलेल्या स्त्रीला चंदनाचा लेपच जाळतो. शीतल द्रव्ये विरहात ताप देतात हा संस्कृत काव्याचा जुना संकेत खरा. पण तो संकेत मराठीत अंगाला भिडतो, कारण इथल्या श्रोत्याला लेपाचा गारवा ग्रंथातून माहीत नव्हता, उन्हाळ्यातून माहीत होता. कुपीतले तेल हुंगणाऱ्याला ही विराणी समजावून सांगावी लागेल. त्याच्या चंदनात गार आणि गरम हा भेदच उरलेला नाही.

आता पैठण. एकनाथांचा (१५३३–१५९९) काळ, गोदावरीचा काठ. नाथांच्या घरी द्वारकेहून एक ब्राह्मण येतो आणि मला सेवेला ठेवा म्हणतो. तो कावडीने पाणी भरतो, पूजेचे साहित्य मांडतो, चंदन उगाळतो. बारा वर्षे हे चालते. तिकडे द्वारकेत कृष्णाच्या दर्शनासाठी तप करणाऱ्या एकाला दृष्टान्त होतो की देव इथे नाही, पैठणला एकनाथाच्या घरी राबतो आहे. तो शोधत येतो, रहस्य फुटते आणि गडी नाहीसा होतो. त्या गड्याचे नाव श्रीखंड्या. महिपतीने 'भक्तविजय' (१७६२) आणि 'भक्तलीलामृत' (१७७४) ह्या ग्रंथांतून नाथांचे चरित्र घरोघर पोहोचवले, म्हणजे नाथांनंतर पावणेदोनशे वर्षांनी. तेव्हा ही कथा सोळाव्या शतकातल्या घटनेचा पुरावा म्हणून वाचण्यात अर्थ नाही. ती वारकरी मनाचा पुरावा आहे, आणि तो पुरावा अस्सल आहे. फाल्गुन वद्य द्वितीयेपासून नाथांच्या वाड्यातला रांजण भरायला आजही माणसे पाणी घेऊन येतात आणि ज्याच्या घागरीने तो भरून वाहतो त्याच्या रूपाने देव आला असे मानतात. नाथषष्ठीच्या यात्रेचा तो आरंभ असतो.

श्रीखंड्या हे नाव ऐकल्यावर आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर पुरीबरोबरचे श्रीखंड येते. त्यांचा दोष नाही. चंदन ह्या अर्थाचा 'श्रीखंड' हा शब्द मराठीतून जवळजवळ गेलाच आहे. पण एकदा अर्थ सांगितला की नाव उलगडते. गड्याचे नाव त्याच्या कामावरून पडले आहे, आणि 'श्रीखंड' ह्या भारदस्त संस्कृत शब्दाला पुढे '-या' लागून तो घरगुती, काहीसा हलका झाला आहे. राम्या, गोंद्या, श्रीखंड्या. जगन्नाथाला अरेतुरे करून, अंगणात बसवून, हातात खोड देऊन मराठी कथाकाराने त्याचे नाव ठेवले ते असे. देव भक्ताघरी राबतो ही कल्पना मराठीत एकटी नाही. तो जनीबरोबर दळतो, चोखोबाबरोबर ढोरे ओढतो. ह्या माळेत श्रीखंड्याचे काम वरवर पाहता सर्वांत सोवळे आणि सुगंधी. तरीही ते काम आहे, आणि कंटाळवाणे काम आहे. ज्याने वाटीभर गंध उगाळले आहे त्याला ते सांगावे लागत नाही. सहाण ओली करायची, खोड किंचित तिरके धरायचे आणि गोल गोल फिरवत राहायचे. घाई केली तर गंध भरड येते, पाणी जास्त झाले तर वाहून जाते. मनगट दुखू लागते तेव्हा वाटीचा तळ कुठे झाकलेला असतो.

इथेच पूर्ण आणि श्रीखंड्या एकमेकांजवळ येतात. एक दासीपुत्र, दुसरा गडी. एकाच्या कथेत मोळी वाहणाऱ्या मजुराचे कुडकुडणारे शरीर आहे, दुसऱ्याच्या कथेत बारा वर्षे झिजणारे मनगट. चंदनाचा उपभोग राजा घेवो की देव्हाऱ्यातली मूर्ती घेवो, कथाकाराची नजर ते वाहून आणणाऱ्याकडे आणि उगाळणाऱ्याकडे गेली आहे. चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) ह्याच्या 'मानसोल्लासा'त, बाराव्या शतकात, राजाने अंगाला कोणते विलेपन लावावे ह्याचे रसाळ प्रकरण आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला हा ग्रंथ त्यातल्या प्राचीन मराठी पदरचनेमुळे माहीत असतो. पण त्या विलासी प्रकरणात उगाळणारा हात दिसत नाही. तो दिसण्यासाठी मराठी चरित्रकथेपर्यंत यावे लागते, असे आमचे मत आहे.

आणि मग मराठीनेच तो हात पुन्हा पुसून टाकला. 'चंदनासारखे झिजणे' हा वाक्प्रचार पाहा. निवृत्तीच्या समारंभात, मृत्युलेखांत आणि विशेषतः आईवर लिहिलेल्या निबंधांत तो हटकून येतो. अमुक बाई संसारासाठी चंदनासारखी झिजली. ह्या रूपकात खोड आहे, सुवास आहे; पण झिजवणारा कोण, सहाण कुणाची, गंध कुणाच्या कपाळावर गेले, हे प्रश्न रूपकाच्या बाहेर राहतात. झिजणे हा जणू त्या लाकडाचा स्वभावच, त्याला कर्ता लागत नाही. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर 'उगाळणे' हे सकर्मक क्रियापद गाळून त्याच्या जागी 'झिजणे' हे अकर्मक आणले की एका आयुष्याच्या कष्टांची जबाबदारी कुणावरच उरत नाही. आम्ही उत्तरपत्रिकांत हा वाक्प्रचार शेकडो वेळा वाचला आहे आणि त्याला गुणही दिले आहेत. वाक्प्रचार म्हणून तो निर्दोषच आहे. 'उगाळणे' ह्याला मराठीत दुसरा अर्थ मिळाला तो निंदेचा: तेच तेच उगाळत बसणे. जे काम देवाने बारा वर्षे केले त्याच्या वाट्याला भाषेत हे आले.

चंदन महाग होते हेही विसरून चालणार नाही. वारकऱ्याच्या कपाळावरचा गोपीचंदनाचा टिळा चंदनाचा नाही. गोपीचंदन ही द्वारकेकडची पिवळसर माती. नावात चंदन, वस्तूत माती. तिच्यावर बुक्का लावला की वारीला निघालेला माणूस सजला. सांप्रदायिक अर्थ काहीही असोत, ज्यांना खोड परवडत नव्हते त्यांनाही मातीने चंदनाचे नाव दिले, आणि त्या मातीला कुणी कमी लेखले नाही. पंढरपुरात विठ्ठलाला मात्र खरे चंदन लागते. गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, त्याच्या मूर्तीला चंदनउटी होते. देवालाही ऊन लागते ही समजूत त्यामागे आहे, आणि पुन्हा एकदा चंदनाचे प्रयोजन गारवा हेच आहे. चैत्रातल्या हळदीकुंकवात आलेल्या बायकांच्या हाताला चंदन लावून, पन्हे आणि आंब्याची डाळ देऊन, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरण्याची रीत त्याच ऋतूची. मूर्तीला आणि शेजारणीला एकच उपचार.

वेरूळच्या वाटेवरच्या खुलदाबादला ह्याच द्रव्याचे दुसरे नाव ऐकू येते. बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) आणि जरजरी जरबक्ष ह्या सूफी संतांचे दर्गे तिथे आहेत. मराठी मुलखातल्या दर्ग्यांत उरुसाच्या आरंभी 'संदल' निघते: उगाळलेले चंदन तबकांतून मिरवणुकीने नेऊन मजारीवर चढवतात. 'संदल' हा शब्द 'चंदन' ह्या शब्दाचेच फारसी-अरबीतून फिरून परत आलेले रूप आहे. बाहेर गेलेला शब्द घरी परतला तेव्हा मराठीने त्याला जुन्या अर्थाच्या जागी बसवले नाही, नवे काम दिले. चंदन म्हणजे लाकूड आणि लेप, संदल म्हणजे तो लेप वाहण्याचा सोहळा. पैठणला देव्हाऱ्यापुढे, खुलदाबादला मजारीपुढे, क्रिया एकच. आणि दोन्हीकडे आधी कुणीतरी बसून ते उगाळलेले असते. ह्या साम्यावरून सामाजिक ऐक्याची भाषणे करण्याचा आमचा हेतू नाही, तशी भाषणे पुष्कळ झाली आहेत. शब्दाचा प्रवास मात्र खरा आहे.

मग लाकडापासून तेलाकडे मुक्काम कसा हलला? कनोजच्या अत्तरांत चंदनतेल फुलांचा वास धरून ठेवणारे आधारद्रव्य म्हणून वापरात होतेच. पण त्याचे कारखानदारी रूप विसाव्या शतकातले. म्हैसूर संस्थानातले चंदन ऊर्ध्वपातनासाठी मोठ्या प्रमाणावर युरोपात, विशेषतः जर्मनीत जाई. १९१४ च्या महायुद्धाने ती वाट बंद झाली, तेव्हा विश्वेश्वरय्या दिवाण असताना संस्थानाने स्वतःचे कारखाने काढले. बंगळूरचा १९१६ मध्ये आणि म्हैसूरचा १९१७ मध्ये सुरू झाला. त्या काळात पाश्चात्त्य औषधकोशांत हे तेल होते ते परम्यासारख्या रोगांवर पोटात घेण्याचे औषध म्हणून. प्रतिजैविके आल्यावर ते स्थान गेले. आज कुपीवर 'ध्यान' हा शब्द छापणाऱ्यांना हा मधला टप्पा आठवत नसावा.

तेल खोडाच्या गाभ्यात आणि मुळांत असते. गाभा धरायला अनेक वर्षे लागतात, म्हणून झाड तोडण्याऐवजी मुळासकट उपटण्याची पद्धत पडली. टिपूच्या काळापासून चंदन हे दरबारी झाड मानले गेले आणि पुढच्या सत्तांनीही तो हक्क सोडला नाही. कर्नाटकाने कायदा सैल केला तो २००१ मध्ये. ज्या झाडावर आपला हक्क नाही ते शेतकरी बांधावर का वाढवील? जपण्यासाठी केलेल्या कायद्याने लागवडच खुंटली आणि चोरटा व्यापार फोफावला. मराठवाड्यात अलीकडे चंदनाची शेती करणारे दिसू लागले आहेत, पण गाभा धरेपर्यंत झाडाची राखण कोण करणार हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. झाड दुर्मिळ झाल्याने कुप्यांमधला वास पुष्कळदा कृत्रिम रेणूंचा असतो. त्यातल्याच 'सँडलोर' नावाच्या रेणूवर २०१४ साली जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठातील संशोधकांनी केलेला प्रयोग आम्हांला मोठा अर्थपूर्ण वाटला. नाकात आढळतात तसे गंधग्राही रेणू मानवी त्वचेच्या पेशींतही असतात, त्यांतला एक सँडलोरने उद्दीपित होतो आणि त्यामुळे प्रयोगशाळेत जखम भरून येण्याची क्रिया वेग घेते, असे त्यांना आढळले. ह्यावरून आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते असा निष्कर्ष कुणी काढू नये. प्रयोग कृत्रिम द्रव्यावरचा आहे आणि लेपावरचा नाही. पण चंदनाच्या वासाचा विचार करताना त्वचेला विसरू नये, एवढे ह्या प्रयोगातून नक्की निघते.

शेवटी आमच्या विषयाच्या अभ्यासकांसाठी एक काम. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) ह्यांनी १९४० च्या दशकात भारतीय सुगंधविद्येवर एकामागून एक निबंध लिहिले. गंगाधर नावाच्या ग्रंथकाराचा 'गंधसार' आणि अज्ञातकर्तृक 'गंधवाद' ह्या दोन संस्कृत ग्रंथांची एक हस्तलिखित प्रत त्यांनी उजेडात आणली. 'गंधसार' हे चंदनाचेही एक नाव आहे, तेव्हा ग्रंथाच्या शीर्षकात श्लेष आहेच. त्यात सुगंधी द्रव्यांवरचे सहा संस्कार सांगितले आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. आणि 'गंधवादा'वर जी टीका आहे ती मराठीत आहे. कुणा मराठी माणसाने, उघडच वापरासाठी, ह्या विद्येची कृती आपल्या भाषेत उतरवून ठेवली. दोन्ही ग्रंथ बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने १९८९ मध्ये छापले. जेम्स मॅकह्यू ह्यांनी २०१२ च्या 'सँडलवुड अँड कॅरियन' ह्या इंग्रजी ग्रंथात भारतीय सुगंधविद्येच्या ह्या वाङ्मयाची दखल घेतली आहे. मराठी गद्याचा इतिहास आपण 'लीळाचरित्रा'पासून बखरींपर्यंत शिकवतो. त्यात कारागिराच्या गद्याला, कुटा, गाळा, भिजत घाला, सावलीत वाळवा अशा आज्ञार्थी वाक्यांच्या गद्याला, जागा नाही. 'गंधवादा'च्या टीकेतली क्रियापदे गोळा करून ती आजच्या अत्तरवाल्यांच्या, वैद्यांच्या आणि उदबत्ती वळणाऱ्या बायकांच्या बोलण्याशी ताडून पाहायला एखाद्या एम. ए. च्या विद्यार्थ्याला दोन सत्रे पुरतील. छापील प्रत मोठ्या ग्रंथालयांत मिळते.